वकिलाची वकिली कोण करणार?

उर्दू शाळेत इतिहास शिकवताना एक सोय असते. कायद्याचे शब्द मुलांना वेगळे शिकवावे लागत नाहीत. वकील, कैद, जामीन, फिर्याद, अर्ज, हुकूम... घरच्या उर्दूत जे शब्द, तेच जव्हारच्या कचेरीतल्या मराठीत. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात पुस्तकाबाहेरचे थोडे सांगत होते. आपल्याच भागातल्या वारली उठावाच्या गोदावरी परुळेकर कायदा शिकलेल्या होत्या आणि आयुष्यात पुन्हा पुन्हा कैदेत गेल्या, असे म्हणाले. मोखाड्याकडून एसटीने येणाऱ्या एका मुलीने विचारले, "टीचर, वकीलच कैदेत गेला तर त्याची वकिली कोण करणार?" मला नीट उत्तर देता आले नाही. सुट्टीत त्यावर वाचत बसले.

गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले, जन्म 1907चा. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव येते. कोर्टात नाव कमावता आले असते, पण त्या आधी भारत सेवक समाजात गेल्या आणि मग कामगार-शेतकऱ्यांत. पती शामराव 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. महायुद्धाला विरोध केला म्हणून इंग्रजांनी दोघांना तुरुंगात टाकले, ते 1942 मध्ये सुटले.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला शेतकऱ्यांची परिषद भरली. तिथे काही वारलीही आले होते. तेव्हा आपला पालघर जिल्हा नव्हता, तो 2014 मध्ये झाला. हा सगळा ठाणे जिल्हा. त्यातही जव्हार मुकणे राजांचे संस्थान, तर मोखाडा इंग्रजी मुलखात. जंगलपट्टीत वेठ सर्रास होती. लग्नासाठी चार पैसे कर्जाऊ घेतले की नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्या वहीत. या जमीनदार-सावकारांत पारशी, इराणी, ब्राह्मण, वाणी होते, तसे मुसलमानही होते. आपल्या अंकात हे लिहायला जड जाते. पण दुसऱ्याचा जुल्म मोजायचा आणि आपल्या घरातला झाकायचा, असा इतिहास मला मुलांना शिकवता येणार नाही.

23 मे 1945 रोजी झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ करणार नाही असे ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. पुढच्या वर्षी परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. तोवर मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले होते, म्हणजे हुकूम काढणारे आपलेच लोक होते.

त्या मुलीचा प्रश्न खरा उभा राहतो तो स्वातंत्र्यानंतर. 1950 मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. आपण ज्याला नजरबंदी म्हणतो तीच ही. आरोपपत्र नाही, खटला नाही. अमुक माणूस पुढे काही करील, एवढ्या अंदाजावर कलेक्टरच्या सहीने कैद. शामरावांना 1951 मध्ये या कायद्याखाली पकडले. कायद्याची मुदत एप्रिल 1952 पर्यंतच होती. संसदेने ती सहा महिन्यांनी वाढवली आणि आत असलेल्यांची कैदही त्याबरोबर लांबली. शामरावांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. 1956 मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धामधुमीत, पुन्हा नजरबंदी, पुन्हा अर्ज, आणि तोही सप्टेंबरमध्ये फेटाळला गेला. दोन्ही निवाड्यांचे नाव सारखेच आहे: शामराव परुळेकर विरुद्ध ठाण्याचे जिल्हा दंडाधिकारी. आजही कायद्याचे विद्यार्थी ते वाचतात. वारल्यांच्या वेठीचा त्यांना पत्ताही नसेल.

26 ऑक्टोबर 1962 रोजी चीनच्या युद्धामुळे आणीबाणी जाहीर झाली. युद्ध महिन्याभरात थांबले, आणीबाणी मात्र 1968 पर्यंत चालली. भारत संरक्षण नियमांखाली गोदावरीबाई आत गेल्या. त्यांचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथे हरले. नंतर 1964 मध्ये पुन्हा धरपकड झाली. 3 ऑगस्ट 1965 रोजी शामराव आर्थर रोड तुरुंगातच वारले. 1957 मध्ये ठाण्याने ज्यांना लोकसभेवर पाठवले होते, ते कैदी म्हणून गेले. गोदावरीबाईही तेव्हा नजरकैदेत होत्या. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक 1970 मध्ये आले. आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक शिक्षकाने ते वाचायला हवे.

1975च्या आणीबाणीबद्दल सगळे जाणतात, म्हणून एवढेच सांगते. 28 एप्रिल 1976 रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले की नजरबंद माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे राहिले. तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुसून टाकला. वाटले, चला, संपले.

पण पुढच्याच वर्षी, 6 जून 2018 रोजी, भीमा कोरेगाव प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना अटक झाली. या वेळी नजरबंदी नव्हती, यूएपीए होता. आरोपपत्र असते, पण खटला उभा राहत नाही आणि जामीन मिळत नाही. ऑगस्टमध्ये सुधा भारद्वाज आणि अरुण फरेरा हे आणखी दोन वकील आत गेले. फरेरा 2007 मध्येही पकडले गेले होते. त्या वेळी त्यांचे वकील गडलिंगच होते. सगळ्या खटल्यांतून सुटल्यावर फरेरा स्वतः वकील झाले. शाहिद आझमीचेही असेच. टाडाखाली तुरुंग भोगून तो वकील झाला, 26/11च्या खटल्यात फहीम अन्सारीच्या बाजूने उभा राहिला आणि 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यात आपल्या ऑफिसात गोळ्या घालून मारला गेला. फहीम निर्दोष सुटला, ते पाहायला वकील नव्हता.

गडलिंग यांच्याबाबतीत वकील जिवंत होता, पण आत. त्यांनी प्रा. साईबाबांचा बचाव केला होता. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने साईबाबांना निर्दोष सोडले. अशील बाहेर आला, वकील तुरुंगात राहिला. भारद्वाज 2021 मध्ये आणि फरेरा 2023 मध्ये जामिनावर सुटले. गडलिंग सात वर्षांनंतरही, 2025च्या मध्यावर, आतच होते. कोर्टात ते स्वतःची बाजू स्वतः मांडतात.

ती मुलगी आता अकरावीला आहे. मध्यंतरी जव्हारच्या स्टँडवर भेटली. म्हटले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, कैदेतला वकील आपली वकिली आपणच करतो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग त्याच्या बाकीच्या अशिलांची कोण करतं?" तेवढ्यात मोखाड्याची गाडी लागली.