डोब्युटामिन स्ट्रेस इको: तपासणीला जाण्यापूर्वी काय तयारी करावी?

गुडघेदुखी, दम लागणे किंवा अशक्तपणामुळे ज्यांना ट्रेडमिलवर चालता येत नाही, त्यांना डॉक्टर डोब्युटामिन स्ट्रेस इको सांगतात. यात हाताच्या शिरेतून औषध देऊन हृदयाचे ठोके वाढवतात आणि सोनोग्राफीवर हृदयाच्या भिंती नीट हलतात का ते पाहतात. ठोक्यांचे लक्ष्य साधारणपणे २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्के असते. म्हणजे ६० वर्षांच्या अब्बांसाठी मिनिटाला १३६.

गोळ्या : मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या ठोके वाढू देत नाहीत, म्हणून डॉक्टर त्या एक-दोन दिवस आधी थांबवायला सांगू शकतात. पण शेजाऱ्याने बंद केली म्हणून आपणही करू नये. अचानक गोळी सोडणे धोक्याचे ठरू शकते. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण ठोके कमी पडल्यास अट्रोपिनचे इंजेक्शन देतात.

जेवण आणि रोजा : बहुधा तीन-चार तास उपाशीपोटी यायला सांगतात. "पोट रिकामेच आहे, मग रोज्यातच करून टाकू" असा विचार करू नका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरू शकते. तपासणीची घाई नसेल तर रमजाननंतरची तारीख मागा. डॉक्टर तातडीची म्हणत असतील तर मात्र लांबवू नका. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत सूरह बकरामध्येच (आयत १८४-१८५) दिलेली आहे.

पर्दा : छातीवर इलेक्ट्रोड लावतात, त्यामुळे वरचे कपडे काढून गाऊन घालावा लागतो. महिला डॉक्टर किंवा टेक्निशियन हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. गळ्यातला ताविज, साखळी घरीच काढून ठेवा.

तपासणीच्या वेळी : सगळे मिळून तासभर लागतो. धडधड, हात थरथरणे, डोके जड होणे असे वाटू शकते. औषध थांबवल्यावर ते काही मिनिटांत ओसरते. छातीत दुखले, चक्कर आली तर "सहन करतो" म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. तेही डॉक्टरांना कळायलाच हवे. अट्रोपिन दिले तर नजर काही वेळ धूसर होते, म्हणून गाडी चालवायला घरचे कोणी सोबत न्या.

आम्ही येथे सर्वसाधारण माहिती दिली आहे. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.