दारिद्र्यरेषेचं कूळ आणि मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. दारिद्र्यरेषेचं मात्र दोन्ही शोधायला हवं. ती कुणीतरी, कधीतरी, काही हेतू मनात धरून आखली. पुढे ती ज्यांच्या हाती गेली त्यांनी तो हेतू बाजूला ठेवला आणि रेषा तेवढी ठेवून घेतली. आज तहसील कचेरीत आणि रेशन दुकानात ‘रेषेखालचे’ हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो, की ती रेषा डोंगरासारखी आधीपासून तिथे होतीच असं वाटावं.

तिचं मूळ शाळेच्या फीमध्ये सापडतं. इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. शाळा मंडळांना आठवड्याला ९ पेन्सपर्यंत फी घेण्याची आणि गरिबाच्या मुलाची फी माफ करण्याची मुभा मिळाली. गरीब कोण, हे ठरवण्याचं काम मग मंडळाच्या माथी आलं. घरात किती मिळकत, भाडं किती, खाणारी तोंडं किती, याची विचारपूस करत मंडळाची माणसं दारोदार फिरू लागली. लिव्हरपूलचा जहाजमालक चार्ल्स बूथ याने १८८६ साली लंडनची पाहणी हाती घेतली, तेव्हा त्याने याच माणसांच्या वह्या वापरल्या. मध्यम आकाराच्या कुटुंबाला आठवड्याला १८ ते २१ शिलिंग मिळत असतील तर ते गरीब, असं त्याने धरलं. लंडनचे ३०.७ टक्के लोक गरीब किंवा त्याहून वाईट स्थितीत निघाले. त्याने शहराचा नकाशा रस्त्यारस्त्याने रंगवला. सगळ्यात खालच्या थरातल्या वस्तीला काळा, श्रीमंतांच्या वस्तीला पिवळा. आपल्याकडे पिवळी शिधापत्रिका गरिबाच्या हाती असते. रंगांना स्वतःचा अर्थ नसतो, तो देणारा देतो. रेषेचंही तसंच आहे.

या रेषेला आकडेमोडीचा कणा मिळाला तो यॉर्कमध्ये. सीबम राउंट्री हा तिथल्या कोको-चॉकलेटच्या मोठ्या कारखान्याच्या घराण्यातला, पंथाने क्वेकर आणि शिकलेला रसायनशास्त्र. १८९९ साली त्याने शहरातल्या कामकरी वर्गाची ११,५६० कुटुंबं, म्हणजे ४६,७५४ माणसं, तपासली. पुस्तक आलं १९०१ साली.

त्याची मोजणी दोन टप्प्यांची होती आणि हा तपशील पुढच्या शंभर वर्षांत बहुतेकजण विसरले. आधी तपासनीस घरोघर गेले. कोण हलाखीत राहतं आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून आणि शेजारीपाजारी विचारून नोंदवलं. अशी २०,३०२ माणसं निघाली, म्हणजे शहराचे २७.८४ टक्के. मग राउंट्रीने वेगळा प्रश्न घेतला: यांच्यापैकी कितीजणांनी एक पेनीही वाया घालवली नाही तरी त्यांचं भागणारच नाही? त्यासाठी त्याने अमेरिकी आहारशास्त्रज्ञ ॲटवॉटर याच्या संशोधनाचा आधार घेऊन मध्यम कष्टाच्या पुरुषाला ३,५०० कॅलरी धरल्या आणि त्या मिळवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग शोधला. या आहारात ताजं मांस नव्हतं. निर्धनांना सरकारी वर्कहाउसमध्ये मिळे, त्याहूनही तो हलका होता. नवरा-बायको आणि तीन मुलं यांच्यासाठी आठवड्याला अन्नाचे १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याचे ४ शिलिंग, कपडे, कोळसा, दिवाबत्ती वगैरेंचे ४ शिलिंग ११ पेन्स. बेरीज २१ शिलिंग ८ पेन्स.

एवढ्या पैशांत राहणाऱ्या कुटुंबाला काय काय करता येणार नाही, हे राउंट्रीने स्वतःच लिहून ठेवलं आहे. गावाला जायचं तर चालत, कारण आगगाडीचं भाडं हिशेबात नाही. वर्तमानपत्र नाही. बापाला तंबाखू नाही. मुलांना गोट्या-बाहुल्यांसाठी सुटे पैसे नाहीत. आणि दूर कामाला गेलेल्या लेकराला पत्र लिहिता येणार नाही, कारण टपालाला पैसे लागतात. तेव्हा पत्राला एक पेनी पडे.

माझं मन या एका पेनीपाशी अडतं. राउंट्रीला ठाऊक नव्हतं का, की आईला मुलाला पत्र लिहावंसं वाटतं? पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्यासमोर बसलेला वाचक म्हणत होता, की हे लोक दारू आणि उधळपट्टी यांमुळे गरीब आहेत. त्या वाचकाला गप्प करायचं म्हणून राउंट्रीने गरजेतून माणूसपणाची प्रत्येक गोष्ट वजा केली आणि सांगितलं, की इतकं वजा करूनही ७,२३० माणसांची मजुरी पुरत नाही. हे त्याचं ‘प्राथमिक’ दारिद्र्य, शहराचे ९.९१ टक्के. उरलेले १७.९३ टक्के ‘दुय्यम’. म्हणजे मिळकत रेषेच्या वर, तरी घरात हलाखी. २१ शिलिंग ८ पेन्समध्ये माणसाने जगावं, असा त्याचा दावा नव्हता. त्याची रेषा हा मालकवर्गावरच्या आरोपपत्रातला पुरावा होता.

पुरावा सरकारी कचेरीत शिरला की त्याचा दर बनतो. राउंट्रीला हे जाणवलं असावं. १९३६ साली त्याने यॉर्क पुन्हा मोजलं, तेव्हा माप सैल केलं: पाच जणांच्या कुटुंबाला भाडं सोडून ४३ शिलिंग ६ पेन्स, आणि त्यात वर्तमानपत्र, रेडिओ, थोडी बिअर आणि तंबाखू, भेटवस्तू हे सगळं धरलेलं. या मापाने कामकरी वर्गाचे ३१.१ टक्के खाली राहिले.

मग युद्ध आलं. विल्यम बेव्हरिज या आपल्याच बंगालात, रंगपूरला जन्मलेल्या प्रशासकाकडे विमा योजनांची फेरमांडणी करण्याचं काम होतं. त्याचा अहवाल १९४२ च्या डिसेंबरमध्ये आला आणि विकत घ्यायला रांगा लागल्या. सरकारी कागदासाठी लोकांनी रांग लावावी, हे क्वचित घडतं. रात्री बॉम्ब आणि दिवसा रेशन सोसणाऱ्या माणसांना त्यात युद्धानंतरच्या जगाचा नकाशा दिसला. अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी हे पाच राक्षस मारायचे होते. पहिल्या राक्षसासाठी बेकाराला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला किती पैसे द्यायचे हा आकडा हवा होता. दर ठरवणाऱ्या उपसमितीत स्वतः राउंट्री बसला होता. तरी १९३६ चं सैल माप मागे राहिलं आणि निव्वळ निर्वाहाचं माप पुढे आलं. जोडप्याला ४० शिलिंग, एकट्याला २४. रेडिओ, भेटवस्तू, तिकीट यांसाठी त्यात फारशी जागा नव्हती.

बेव्हरिजची योजना मोठी होती आणि तिने लाखो माणसांना म्हातारपणी कुणापुढे हात पसरण्यापासून वाचवलं, हे मी मनापासून मानतो. १९४६ चा राष्ट्रीय विम्याचा कायदा, ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली आरोग्यसेवा, ही माणसाच्या इतिहासातली थोर कामं आहेत. पण ज्या अरुंद मापाने गरिबी सिद्ध केली होती त्याच धर्तीच्या मापाने मदत मोजली गेली, ही चूक त्यांच्या पायात राहिली. १९५० साली राउंट्रीने लॅव्हर्स या सहकाऱ्यासह यॉर्क तिसऱ्यांदा मोजलं. आता कामकरी वर्गाचे २.७७ टक्केच रेषेखाली निघाले. गरिबी संपली, असं ठरून गेलं.

ते खोडून काढायला तिशीही न ओलांडलेला एक तरुण पुढे आला. पीटर टाउनसेंड लंडनच्या पूर्वेला बेथनल ग्रीनमध्ये म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसत असे. २०३ म्हाताऱ्यांच्या मुलाखतींतून त्याचं १९५७ चं पुस्तक झालं. कोण कुणाकडे जेवायला जातं, लेकी किती वेळा येतात, नातवाला खाऊ द्यायला हातात काही असतं का, या गोष्टी ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं, की गरिबी पोटात दिसायच्या कितीतरी आधी जाण्यायेण्यात दिसते. माणूस जेवण कमी करण्याआधी पाहुणा कमी करतो.

हे आपल्याला कुणी इंग्रजाने सांगायला नको. भावकीतल्या लग्नाला ‘तब्येत बरी नव्हती’ म्हणून न गेलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आहेराचं पाकीट रिकामं असतं, ही तब्येतीची खरी तक्रार असते. पुढच्या कार्याला मग पत्रिकाही येत नाही.

१९६५ च्या नाताळच्या तोंडावर टाउनसेंड आणि ब्रायन एबल-स्मिथ यांनी एक छोटं पुस्तक काढलं. कामगार खात्यानेच केलेल्या कुटुंबखर्चाच्या पाहण्या त्यांनी पुन्हा उघडल्या आणि सरकारी मदतीच्या दराच्या १४० टक्क्यांपर्यंतची माणसं मोजली. १९६० साली ती ७५ लाख होती, लोकसंख्येचे १४.२ टक्के. त्यांत साडेबावीस लाख मुलं होती. यांपैकी कितीतरी घरांत बाप पूर्णवेळ कामावर जात होता. पुस्तक आलं त्याच वर्षी, १९६५ साली, मुलांच्या गरिबीविरुद्ध काम करणारी संघटना उभी राहिली.

टाउनसेंडचं मोठं काम १९६८-६९ च्या पाहणीचं. २,०५२ घरं पाहिली आणि ग्रंथ यायला १९७९ उजाडलं. हजाराच्या वर पानांच्या या ग्रंथात त्याने वंचिततेचं १२ प्रश्नांचं माप दिलं. गेल्या वर्षात घराबाहेर आठवडाभराची सुट्टी काढली का? गेल्या चार आठवड्यांत नातलग किंवा मित्र घरी जेवायला आला का? तुम्ही कुणाकडे गेलात का? मुलाच्या गेल्या वाढदिवसाला इतर मुलं बोलावली का? घरात फ्रिज आहे का? मिळकत सरकारी दराच्या साधारण दीडपटीखाली गेली की नकारांची संख्या झपाट्याने वाढते, असं त्याने दाखवलं. अमुक कॅलरीखाली नव्हे, तर समाजाच्या चालीरीतींतून माणूस जिथे गळू लागतो तिथे त्याने रेषा आखली. राउंट्रीने वजा केलेली पेनी त्याने ८० वर्षांनी परत हिशेबात घेतली.

त्याच्यावर टीका झाली आणि तीत तथ्य होतं. रविवारी घरी मांस भाजलं जात नाही, हा त्याचा एक निकष. शाकाहारी माणूस मग गरीब ठरतो. आवड आणि नाइलाज यांत भेद कसा करायचा? १९८३ साली जोआना मॅक आणि स्ट्युअर्ट लॅन्स्ली यांनी तोडगा काढला: काय आवश्यक आहे हे जनतेलाच विचारायचं आणि ‘नको आहे’ व ‘परवडत नाही’ ही उत्तरं वेगळी नोंदवायची. ३५ पैकी २६ गोष्टी बहुमताने आवश्यक ठरल्या. त्याच वर्षी अमर्त्य सेन यांनी टाउनसेंडशी वाद घातला. वस्तू काळाप्रमाणे बदलतील, पण चारचौघांत लाज न वाटता वावरता येणं ही गरज कुठेही तीच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मला सेन यांचं म्हणणं पटतं. पण ते म्हणण्याआधी कुणीतरी बेथनल ग्रीनच्या जिन्यांवर चढायला हवं होतं.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट दुसऱ्या शब्दाने आली. रने लनवार या मंत्र्याच्या १९७४ च्या पुस्तकाने ‘वगळलेले’ हा शब्द धोरणाच्या भाषेत आणला: अपंग, एकाकी वृद्ध, कुठेच न सामावलेली तरुण मुलं. १९८४ साली युरोपीय मंत्रिपरिषदेने गरिबीची व्याख्याच अशी केली, की ज्यांची साधनं इतकी तुटपुंजी आहेत की ते आपल्या देशातल्या किमान जीवनरीतीबाहेर पडतात, ते गरीब. ब्रिटनने १९९७ साली या कामासाठी सरकारी कक्ष काढला.

मराठीला या शब्दासाठी १९७४ पर्यंत थांबावं लागलं नाही. ‘वाळीत टाकणं’ हा शब्द गावाने आपल्या क्रौर्यासाठीच घडवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि १९२७ साली, महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहानंतर काही दिवसांतच, ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. वंचितांना नाव देताना त्यांनी ‘निर्धन’ असं म्हटलं नाही. पैसा असूनही पाणवठ्याला हात लावता येत नाही, हे त्यांनी नावातच मांडलं.

आणि मोजणीतही आपण मागे नव्हतो. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध १८७६ साली मुंबईत वाचला, बूथच्या दहा वर्षं आधी. माणशी वार्षिक उत्पन्न त्यांनी २० रुपये काढलं, आणि कैद्याच्या अन्नवस्त्रावर बहुतेक प्रांतांत सरकार याहून जास्त खर्च करतं हे दाखवलं. त्यांचाही आकडा आरोपपत्र होता. पुढे १९६२ साली सरकारी कार्यगटाने माणशी महिना २० रुपयांची रेषा घातली. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २,२५० कॅलरींचा आधार घेऊन १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात १५ आणि शहरात साडेबावीस रुपये धरले. तरीही खेड्यांतले सुमारे ४० आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्याखाली निघाले. राउंट्रीसारखाच त्यांचाही रोख सरकारला जागं करण्यावर होता. पण कचेऱ्यांनी त्यातून कॅलरी उचलल्या. अनेक वर्षं आपली रेषा भाताच्या आणि भाकरीच्या वजनावर उभी राहिली.

आता नीती आयोग बहुआयामी गरिबी मोजतो. त्याचेही निकष १२ आहेत: पोषण, शाळा, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, चुलीचं इंधन, बँकेतलं खातं आणि असेच आणखी. ते सगळे मोजायलाच हवेत. पण गेल्या चार आठवड्यांत तुमच्या घरी कुणी जेवायला आलं का, हा प्रश्न त्या बारांत नाही, आणि तुम्हाला कुणी बोलावलं का, हाही नाही.