बारा डॉलर आणि तीस लाख डॉलर

“सर, सरपंच आपण निवडतो, आमदार आपण निवडतो, मग जज का नाही निवडत?” दहावीच्या वर्गात एका मुलीने हा प्रश्न विचारला, तेव्हा तास संपायला पाच मिनिटं उरली होती. मी म्हणालो, “अमेरिकेत निवडतात.” वर्ग खूश झाला. पण खरं उत्तर पाच मिनिटांत मावणारं नव्हतं, म्हणून ते इथं लिहितो आहे.

अमेरिकेत केंद्राचे न्यायाधीश आजही राष्ट्राध्यक्ष नेमतात. राज्यांची गोष्ट वेगळी आहे. सुरुवातीला तिथंही गव्हर्नर किंवा विधिमंडळ न्यायाधीश नेमत असे. हळूहळू लोकांना त्यात वशिलेबाजी दिसू लागली. ज्याने खुर्ची दिली, त्याच्याविरुद्ध निकाल कोण देणार? यावर उपाय म्हणून १८३२ साली मिसिसिपी राज्याने आपले सगळे न्यायाधीश मतदानाने निवडायचं ठरवलं. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तोच मार्ग धरला आणि यादवी युद्ध सुरू होईपर्यंत बहुसंख्य राज्यं त्या वाटेने गेली होती. हेतू वाईट नव्हता. न्यायाधीशाने सत्तेचं नव्हे, जनतेचं मिंधं असावं, एवढीच अपेक्षा होती. पण मिंधेपणाची सोय राहिलीच, फक्त मालक बदलण्याची शक्यता तयार झाली.

आता एक छोटी गोष्ट. १९२० च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी होती. ओहायो राज्यात नॉर्थ कॉलेज हिल नावाचं एक खेडं होतं. तिथला निवडून आलेला मेयर दारूबंदीचे खटलेही चालवायचा. आरोपी दोषी ठरला, तर खटल्याच्या खर्चातून मेयरला फी मिळायची. निर्दोष सुटला, तर काहीच नाही. वर दंडातला वाटा गावाच्या तिजोरीत जायचा. एड ट्युमी नावाच्या माणसाला त्याने बेकायदा दारू बाळगल्याबद्दल १०० डॉलर दंड केला. या एका खटल्यात मेयरच्या खिशात १२ डॉलर पडले.

ट्युमी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२७ साली सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट यांनी एकमताचा निकाल लिहिला. हे टाफ्ट आधी देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्या खेड्याला लागून असलेल्या सिनसिनाटीचेच होते. त्यांनी सांगितलं की पुरावा कितीही भक्कम असो, निकालात ज्याचा स्वतःचा फायदा आहे, अशा माणसासमोर कुणालाही उभं करता येणार नाही. मेयर खरोखर बेइमान होता का, हे कोर्टाने तपासलंच नाही. साधारण माणसाचा तोल जिथं ढळू शकतो, तिथं तराजू त्याच्या हाती द्यायचाच नाही, असा तो दंडक होता.

बारा डॉलरचा प्रश्न इतका सरळ सुटला. मोठी रक्कम मात्र खिशातून नव्हे, निवडणुकीतून आली, तेव्हा कायदा अडखळला.

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाचं राज्य. ह्यू कॅपर्टन या छोट्या खाणमालकाने मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीवर खटला भरला. आपला धंदा मॅसीने लबाडीने बुडवला, अशी त्याची तक्रार होती. ऑगस्ट २००२ मध्ये ज्यूरीने ती मान्य करून त्याला ५ कोटी डॉलरची भरपाई दिली. मॅसी वरच्या कोर्टात जाणार हे उघड होतं. आणि २००४ मध्ये त्याच वरच्या कोर्टाच्या एका जागेची निवडणूक होती.

मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या वकिलाला पाठिंबा दिला. उमेदवाराला थेट देणगीची मर्यादा होती १,००० डॉलर, ती त्यांनी पाळली. बाकी जवळपास २५ लाख डॉलर एका प्रचार संघटनेला दिले आणि ५ लाखांहून अधिक स्वतः प्रचारावर खर्च केले. गंमत म्हणजे त्या संघटनेच्या नावात कोळसा नव्हता, मुलांचं भलं होतं. तिच्या जाहिरातींनी पदावर असलेल्या न्यायमूर्तींना मुलांच्या सुरक्षेवरून झोडपलं. बेंजामिन ५३ टक्क्यांहून थोडी जास्त मतं घेऊन निवडून आले.

मग अपील आलं. कॅपर्टनने विनंती केली की बेंजामिन यांनी या खटल्यातून बाजूला व्हावं. बेंजामिन यांनी नकार दिला. २००७ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी पाच कोटींचा निकाल रद्द झाला. त्या तिघांत बेंजामिन होते. पुढे आणखी एका न्यायमूर्तींचे ब्लँकनशिप यांच्यासोबत फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे सुट्टीतले फोटो बाहेर आले. ते बाजूला झाले, पुन्हा सुनावणी झाली. बेंजामिन बसले, आणि निकाल पुन्हा ३ विरुद्ध २.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. पण बेंजामिन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं की इतर काही खटल्यांत त्यांनी मॅसीच्या विरोधात मत दिलं होतं. त्यांच्या मनात खोट होती, असं कुणी सिद्ध केलं नाही. अडचण वेगळीच होती. मन साफ आहे की नाही, हे ठरवणारेही तेच होते.

जून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की बेंजामिन यांनी बाजूला व्हायला हवं होतं. न्यायमूर्ती केनेडी यांच्या मते प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करायची गरज नाही, त्याचा धोका वाजवीपेक्षा मोठा आहे की नाही, ते बाहेरून पाहावं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधात ४० प्रश्न मांडले. किती देणगी म्हणजे जास्त? किती वर्षांनी उपकार फिटतो? प्रश्न खोटे नव्हते. १९२७ चा एकमताचा दंडक इथं एका मताने वाचला.

आणि कॅपर्टन? नोव्हेंबर २००९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या कोर्टाने बेंजामिन यांच्याशिवाय पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा त्याच्या विरोधात निकाल दिला. करारानुसार खटला शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात भरायला हवा होता, असं कारण दिलं.

मग एवढा खटाटोप व्यर्थ गेला का? मला तसं वाटत नाही. हरणारा प्रत्येक वेळी हरला, पण शेवटच्या वेळी त्याच्यासमोर कुणाचं देणं लागणारा माणूस बसलेला नव्हता. कोर्टात निम्मे लोक हरणारच असतात. ते घरी परतताना आपलं ऐकलं गेलं असं म्हणू शकले, तरच त्याला इन्साफ म्हणायचं. २०१५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने न्यायाधीशांच्या निवडणुकीतून पक्षांची नावं काढली. पुढच्याच वर्षी बेंजामिन हरले. निवडणूक मात्र आजही होते.

त्या मुलीला उद्या मी एवढंच सांगणार आहे. जज नेमा किंवा निवडा, कुणीतरी त्याला खुर्चीवर बसवणारच. त्याला बसवणारा माणूस समोर पक्षकार म्हणून आला, तर त्याने उठून जायचं की नाही, हे एकट्या त्याच्यावर सोडायचं का? तिला गृहपाठ म्हणून हाच प्रश्न देणार आहे.