सत्तावनचे पिस्तूल : एका शस्त्राचा काल आणि मोल

आपल्या इतिहाससंशोधनात कागदाला जो मान मिळाला तो वस्तूला मिळालेला नाही. एखादे जुने पत्र हाती आले की त्याचा कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना, शिक्का आणि तिथी हे सर्व आपण कसून तपासतो. परंतु त्याच घरच्या पेटीतून एखादे पिस्तूल निघाले, तर घरधनी जी कथा सांगेल ती निमूटपणे टिपून घेतो. आदिलाबादकडील जुन्या मराठी घरांतून ‘सत्तावनचे पिस्तूल’ असा शब्दप्रयोग कानी येतो. शस्त्र कोणतेही असो, त्याचे साल मात्र ठरलेले!

या समजुतीला आमच्या भागात भूमीही तशीच मिळाली आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच मोडणाऱ्या निर्मळच्या परिसरात रामजी गोंडाच्या नेतृत्वाखाली गोंड आणि रोहिले एकत्र आले, इंग्रज व निजाम यांच्या फौजांशी लढले, आणि १८६० साली रामजीला फाशी देण्यात आले. हजार माणसांना एकाच वडावर लटकविल्याची स्मृती ‘वेय्यि उरुल मर्रि’, म्हणजे हजार फासांचा वड, या तेलुगू नावात टिकून राहिली आहे. निर्मळच्या बाजूचे लोखंड तर त्याहून जुन्या कीर्तीचे. जवळच्या कोनासमुद्रम् येथे त्यापासून होणारे पोलाद इराणी व्यापारी विकत नेत असत. शस्त्रांची अशी परंपरा असलेल्या प्रदेशात घरोघरी एखादे आयुध असावे यात नवल नाही. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघाले. पण सीमेच्या दोहों बाजूंना नातीगोती एकच राहिली, आणि कथाही एकच.

प्रथम शब्दांची सफाई करावी हे बरे. तमंचा, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द आपण पर्यायी म्हणून वापरतो. ते तसे नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरते नळकांडे असते, त्यात पाच किंवा सहा घरे असतात, आणि घोडा चढताच एकेक घर नळीसमोर येते. जुन्या मराठीत त्याला सहाबारी म्हणत. तो शब्द आपण उगाच टाकला. स्वयंभरणी पिस्तुलात फिरते काही नसते. मुठीतील खोक्यातून काडतूस आपोआप वर चढते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या प्रसंगाच्या वर्णनांत ‘रिव्हॉल्व्हर’ हा शब्द अनेकदा येतो. वस्तुतः ते ब्राउनिंग जातीचे स्वयंभरणी पिस्तूल होते. हा भेद क्षुल्लक नव्हे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर अशी वीस ब्राउनिंगे धाडली होती. निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हातातील शस्त्र त्याच वीसांपैकी एक होते, हाच तर लंडनपर्यंत पोहोचणाऱ्या अभियोगाचा दुवा ठरला. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुले २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी पळविली. पुढे कोठेही एखादे सापडले की ते त्या पन्नासांतले आहे काय हे क्रमांकावरून सांगता येई. पोलिसांनी शस्त्र वाचले. आपण इतिहासकारांनी का वाचू नये?

आता काल. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८३६ साली आपल्या देशात एकस्व मिळविले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याची रिव्हॉल्व्हरे गाजली, आणि त्याच वर्षी रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराने आपली निराळी रचना पुढे आणली. सत्तावनच्या धामधुमीत हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांपाशी जी रिव्हॉल्व्हरे होती ती मुख्यतः या दोन घराण्यांची. ती सर्व टोपीची. नळकांड्याच्या प्रत्येक घरात पुढून दारू व गोळी ठासावयाची आणि मागील बोंडीवर तांब्याची टोपी बसवावयाची, असा त्यांचा प्रकार. नळकांडे आरपार कोरून मागून धातूचे काडतूस घालण्याची पद्धत अमेरिकेत १८५७ साली स्मिथ आणि वेसन यांच्या चिमुकल्या रिव्हॉल्व्हरने सुरू केली. बुडाच्या मध्यावर टोपी असलेल्या काडतुसाची रिव्हॉल्व्हरे इंग्लंडमध्ये रुळावयास १८६७-६८ साल उजाडले. बर्मिंगहॅमच्या वेब्लेचे आखूड नळीचे ‘बुलडॉग’ १८७२ चे. मधोमध मोडून उघडणारे त्याचे लष्करी रिव्हॉल्व्हर १८८७ चे. ‘वेब्ले अँड स्कॉट’ ही जोडनावाची अक्षरे दिसली तर शस्त्र १८९७ च्या आधीचे असणे शक्य नाही, कारण ते नावच त्या वर्षी जन्मले.

याहून बोलके साक्षीदार म्हणजे चाचणीचे शिक्के. नळी फुटते की टिकते हे जादा दारू भरून पाहिल्यावाचून शस्त्र विकू नये, असा दंडक इंग्लंडात व बेल्जममध्ये होता. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. बेल्जममधील लिएज शहराचा शिक्का म्हणजे लंबवर्तुळात कोरलेली ‘ई एल जी’ ही तीन रोमी अक्षरे. १८९३ साली त्या लंबवर्तुळावर मुकुट चढविण्यात आला. भिंगातून दिसणारा हा इवलासा मुकुट कित्येक घराण्यांच्या कथा कोलमडून पाडण्यास पुरेसा आहे.

असा एक प्रसंग आमच्याच जिल्ह्यात घडला. सागवानाच्या व्यापारात पूर्वी नाव असलेल्या एका मराठी घराण्यात अशी परंपरा होती, की रामजी गोंडाच्या बंडात एका रोहिल्याने आश्रयाच्या बदल्यात आपले शस्त्र पूर्वजांना दिले. घराण्याने ते शस्त्र रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेले होते. आमच्या शाळेच्या इतिहासप्रदर्शनात त्याचे छायाचित्र ‘रामजी गोंडाच्या बंडातील शस्त्र’ अशा मथळ्याखाली लावावे अशी घरच्या वडीलधाऱ्यांची इच्छा होती. मुले जे भिंतीवर वाचतात ते जन्मभर खरे मानतात. म्हणून प्रस्तुत लेखकाने आधी शस्त्र पाहण्याची परवानगी मागितली आणि विक्रेत्याच्या समक्ष ते पाहिले. (जुने शस्त्र पाहताना ते रिकामे असल्याची खात्री जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी. गंजले म्हणून ते निरुपद्रवी झाले असे समजू नये.)

शस्त्र आखूड नळीचे, पाच घरांचे. उजव्या बाजूस काडतूस घालण्याची झडप. टोपी बसविण्याची बोंडी नाही. घरे आरपार कोरलेली. एवढ्यावरच १८६० साल निकालात निघाले. घडण बुलडॉगच्या नकलेची, म्हणजे १८७२ नंतरची. कोणत्याही कारखान्याचे नाव नव्हते, आणि हेही सूचकच होते. लिएजमध्ये असंख्य लहान कारागीर अशी निनावी शस्त्रे करून जगभर स्वस्तात पाठवीत. शेवटी नळकांड्यावर भिंग धरले तेव्हा लंबवर्तुळ दिसले, आणि त्याच्या माथ्यावर मुकुट.

येथे काम संपले असे वाटेल. पण शस्त्राच्या पिशवीत एक उर्दू कागद होता, आणि तो घराण्यातील कोणालाही वाचता येत नव्हता. तो निजामी अमलातील शस्त्रपरवाना निघाला. त्यावर साल होते १३३८. ज्याने प्रथम वाचले त्याने ते हिजरी धरून १९१९-२० असे सांगितले. परंतु हैदराबाद संस्थानात हिजरीबरोबर फसली सनही चाले, आणि कागदावर महिना ‘बहमन’ असा होता. मोहरम, सफर ही हिजरी महिन्यांची नावे. बहमन, तीर, आबान ही फसलीची. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई, आणि त्या सनात ५९० मिळविले की वर्षारंभाचे इसवी साल येते. म्हणजे परवाना १९२८ च्या डिसेंबरच्या सुमाराचा. मराठवाडा आणि आदिलाबादकडील दप्तरे हाताळणाऱ्या शिक्षकांनी महिन्याच्या नावाची ही खूण ध्यानात ठेवावी. केवळ आकड्यावर विसंबून नऊ वर्षांची चूक सहज होते.

राहिला मोलाचा प्रश्न, आणि तो घराण्यातील तरुणांनी विचारलाच. या बाबतीत साहित्याच्या अभ्यासकांना एक उदाहरण रुचेल. १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये फ्रेंच कवी व्हर्लेन याने आपला मित्र कवी रॅंबो याच्यावर गोळी झाडली. मनगटाला जखम झाली आणि व्हर्लेनला दोन वर्षांची कैद झाली. ते सात मिलिमीटरचे साधे लफोशो जातीचे रिव्हॉल्व्हर २०१६ साली पॅरिसच्या लिलावात ४,३४,५०० युरोंना गेले. तसल्याच मापाचे, पण गंजून गेलेले दुसरे एक लफोशो ओव्हेर गावच्या शेतात सापडले होते. चित्रकार व्हॅन गॉगने १८९० साली स्वतःवर गोळी झाडली ती याच शस्त्राने असावी असा तर्क आहे, पुरावा नाही. ते २०१९ साली १,६२,५०० युरोंना विकले गेले. लोखंड जवळजवळ एकच; किंमत ठरविली ती कथेने, आणि कथा किती सिद्ध आहे याने. तर्कालाही बाजारात एवढा भाव येतो हे मला व्यक्तिशः फारसे आवडत नाही, पण बाजार हा काही आपल्या अकादमीचा सभासद नाही.

कथा बाजूस ठेवली तर पारखी प्रथम पाहतात ते नळी, सांगाडा व नळकांडे यांवरील क्रमांक जुळतात की नाही हे. मग मूळचे निळे पाणी कितपत टिकले आहे हे पाहतात. घासून, नवे पाणी चढवून चकचकीत केलेल्या शस्त्राचे शिक्के झिजतात आणि मोलही उतरते. देवघरातील भांड्यांप्रमाणे चिंचेने घासलेली शस्त्रे पाहून जीव हळहळतो. आपल्या देशात विक्रीचा विचार कायद्याच्या चौकटीतच करावा लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याने जुन्या घडणीच्या वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना काही सूट दिली आहे; पण ते शस्त्र दुरुस्तीनेही चालण्यासारखे नसेल तरच. ‘आजोबांचे आहे’ ही सबब कायद्यास मान्य नाही. परवानाधारक वारला की वारसाने शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते.

निनावी बेल्जमी बुलडॉगला संग्राहकांच्या लेखी फारसा भाव नाही, हे तरुणांना सांगावे लागले. वडीलधारे मात्र कागदाकडेच पाहत राहिले. परवान्यावर त्यांच्या आजोबांचे नाव होते, आणि शस्त्र बाळगण्याचे कारण म्हणून जंगलातून रोकड नेताना संरक्षण असे लिहिले होते. आजोबांविषयीचा तेवढाच एक लेखी उल्लेख त्या घरात आहे.

प्रदर्शनात छायाचित्राखाली ओळ लिहिली ती अशी : ‘पाचबारी रिव्हॉल्व्हर, लिएज (बेल्जम), १८९३ नंतरचे, परवाना बहमन १३३८ फसली.’ शेजारी परवान्याचे छायाचित्र लावले, आणि वडीलधाऱ्यांच्या विनंतीवरून खाली आणखी एक ओळ घातली : ‘हे शस्त्र रामजी गोंडाच्या काळातील आहे अशी घराण्याची समजूत होती.’