एका 'ग्रेव्ही'ची गोष्ट आणि आपलं फाडफाड इंग्रजी

आता तालुक्याच्या गावीही 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी'चे बोर्ड दिसतात. पोरं फी भरतात, टेन्स पाठ करतात आणि इंटरव्ह्यूत गप्प बसतात. त्यांना नावं ठेवण्याआधी थोडा इतिहास बघू.

सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या स्टाफ कँटीनमध्ये भारतीय-पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या. मटण वाढताना इंग्रज बायका आवाज चढवून विचारायच्या, "ग्रेव्ही?" म्हणजे, हवी का? आपल्या बायकांचा सूर मात्र खाली उतरायचा, "ग्रेव्ही." ऐकणाऱ्याला वाटायचं, घ्यायची तर घ्या! त्या उद्धट ठरल्या. त्यांना वाटलं, आपल्याशी भेदभाव होतोय. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी काउंटरवरचं बोलणं टेप केलं आणि त्यांना ऐकवलं, तेव्हा उलगडा झाला. व्याकरण चुकलंच नव्हतं, गाडं सुरावर अडलं होतं. असल्या प्रसंगांवर बीबीसीने १९७९ मध्ये 'क्रॉसटॉक' हा कार्यक्रम केला. आणि हे गम्पर्झ कोण? आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडची मराठी, कानडी, उर्दू एकमेकींत कशी मिसळली, यावर १९७१ मध्ये गाजलेला निबंध लिहिणारे!

त्याच १९७९ साली एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतात 'बंगलोर प्रोजेक्ट' सुरू केला. साध्या शाळा, ८ ते १५ वयाची मुलं. व्याकरणाचे धडे नाहीत, रोज एक काम. रेल्वेचं टाइमटेबल बघा आणि कोणती गाडी धरायची ते सांगा. नकाशावरून रस्ता शोधा. मास्तर आधी एक काम वर्गासोबत करायचे, मग तसंच दुसरं मुलांनी एकट्याने करायचं. १९८४ पर्यंत हे चाललं. पुढे तपासणी झाली तेव्हा व्याकरणाच्या पेपरात जुन्या पद्धतीची मुलं पुढे होती, पण भाषा वापरण्यात प्रभूंची. ही पद्धत पुढे जगभर 'टास्क-बेस्ड' म्हणून गाजली.

आपल्या आयटीआयमध्ये 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषय आहेच. प्रश्न एवढाच, की तिथे पोरगा मशीन बंद पडल्याचं सुपरवायझरला फोनवर सांगून बघतो, की व्याख्या उतरवून घेतो? क्लासची फी भरण्याआधीही हेच विचारा: सर, पोरगं तासाला किती वेळ स्वतः बोलणार?

तुमच्या गावात काय चित्र आहे? कमेंटमध्ये सांगा.