तांब्याचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला, तेव्हा तो तांब्याच्याच रंगाचा होता. काही दशकांत तो हिरवा झाला. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण तो हिरवा थर नेमका कशाचा? पुतळ्याच्या शताब्दीच्या सुमारास थॉमस ग्रेडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. थरात मुख्यतः तांब्याचे आम्लारी सल्फेट होते, आणि त्यातले गंधक शहराच्या धुरातून आलेले होते.

ग्रेडेल बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करीत. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेला गंजाशी काय कर्तव्य, असे वाटेल. पण तारा आणि जोडण्या तांब्याच्याच असतात. गंमत म्हणजे १९६९ ची त्यांची पीएच.डी. खगोलशास्त्रातली होती! विषय बदलायला घाबरू नये, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

गंजापायी तांबे फार थोडे जाते. मग बाकीचे जाते कोठे? १९९७ मध्ये ते येल विद्यापीठात गेले आणि या प्रश्नाच्या मागे लागले. साधन अगदी शालेय होते: द्रव्य अक्षय्यतेचा नियम. एक देश म्हणजे एक पेटी समजा. वर्षभरात खाणीतून व आयातीतून जेवढे तांबे आत आले, त्यातून निर्यात आणि टाकाऊ माल वजा केला, की उरलेले घरांत, यंत्रांत, तारांत साठलेच पाहिजे. लिहायला सोपे, करायला कठीण. खाणींची आकडेवारी मिळते, पण घराघरांतल्या वायरिंगची वही कोणी ठेवीत नाही. वस्तू सरासरी किती वर्षे टिकते, यावरून अंदाज बांधावा लागतो. २००४ साली त्यांच्या गटाने ५६ देशांचा असा ताळेबंद प्रसिद्ध केला. तो १९९४ च्या सुमाराचा होता.

२००६ मध्ये गॉर्डन, बर्ट्रम आणि ग्रेडेल यांनी त्याहून धाडसी हिशेब मांडला: पृथ्वीच्या कवचातून काढण्याजोग्या तांब्यापैकी सुमारे २६ टक्के परत न येणाऱ्या कचऱ्यात गेले आहे. टिल्टन व लागोस या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर हरकत घेतली. ‘काढण्याजोगे’ तांबे ही ठरीव रक्कम नव्हे. किंमत वाढली, तंत्र सुधारले, की ती वाढते. मला ही हरकत छेदापुरती रास्त वाटते. अंशातले तांबे मात्र कचऱ्यात गेलेच आहे.

खरा धक्का २०११ मध्ये बसला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी ग्रेडेल आणि इतर तज्ज्ञांनी ६० धातू तपासले. वस्तू निकामी झाल्यावर निम्म्याहून अधिक धातू परत मिळतो, असे फक्त १८ निघाले. ३४ धातूंचे एक टक्काही परत येत नव्हते. त्यांत लिथियम, इंडियम, निओडिमियम होते. म्हणजे बॅटऱ्या, सौरपट्ट्या आणि पवनचक्क्या ज्यांवर अवलंबून, नेमके तेच. तांब्याची तार भंगारवाल्याला दुरून दिसते आणि तो तिचे पैसे देतो. पडद्यावरचा इंडियमचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही. तो खरवडून काढायला येणारा खर्च धातूच्या किमतीहून जास्त.

पुरवठ्याच्या बाजूनेही अडचण आहे. इंडियमची स्वतंत्र खाण नसते. तो मुख्यतः जस्त शुद्ध करताना हाती लागतो. त्याची मागणी दुप्पट झाली, म्हणून कोणी दुप्पट जस्त खणत नाही. नासर, ग्रेडेल आणि हार्पर यांनी २०१५ मध्ये मोजले, तेव्हा ६२ पैकी ३८ धातूंचे निम्म्याहून अधिक उत्पादन असे दुसऱ्याच्या पाठीवर बसून येत होते.

समुद्रातल्या एका मोठ्या पवनचक्कीच्या चुंबकांत काही शेकडो किलो निओडिमियम असू शकते, आणि तिचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षे धरतात. २०१५ नंतर उभ्या राहिलेल्या चक्क्या केव्हा उतरतील आणि त्यांतून किती धातू सुटेल, याचे गणित वायरिंगच्याच रीतीने आजच मांडता येते.