ग्रिंचचा आवाज
१२. ‘एकाच गळ्यातले दोघे’ : संदर्भ ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ या अ‍ॅनिमेशनपटाचा. डॉ. स्यूस यांच्या १९५७ च्या पुस्तकावरून चक जोन्स यांनी तो केला आणि अमेरिकेत सीबीएस वाहिनीने १८ डिसेंबर १९६६ रोजी प्रथम दाखवला. पुस्तकातला ग्रिंच हिरवा नाही. तो रंग जोन्स यांनी दिला. निवेदक आणि ग्रिंच दोन्ही बोरिस कार्लॉफ यांच्याच आवाजात आहेत. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला (१९३१) राक्षस साकारणाऱ्या या नटाचे निवेदन आजोबांनी गोष्ट सांगावी इतके मायाळू आहे. ग्रिंचच्या संवादांतली वरची कंप्रता ध्वनिमुद्रणानंतर काढून टाकली, त्यामुळे तोच आवाज खरखरीत झाला. छोट्या सिंडी लूचा आवाज जून फोरे यांचा. ग्रिंचची खरडपट्टी काढणारे गाणे मात्र कार्लॉफ यांचे नव्हे. ते थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी खर्जात गायले. श्रेयनामावलीत त्यांचे नाव राहून गेल्याने अनेकांनी ते कार्लॉफ यांच्याच नावावर जमा केले. हा अन्याय लक्षात येताच स्यूस यांनी वृत्तपत्रांतल्या स्तंभलेखकांना पत्रे लिहून खरा गायक कळवला. या चित्रपटाबद्दल लिहिताना रेव्हन्सक्रॉफ्ट यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. — संपादक